जेम्स वॉटची मित्रांना लिहिलेली पत्रे

किटलीचे थडथडणारे झाकण आणि त्याकडे टक लावून पाहणारा एक लहान मुलगा, ही जेम्स वॉटच्या चरित्रातील सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. तिच्यात शोध क्षणात लागतो आणि पुढचे यश जणू आपोआप चालत येते. वॉटने आपल्या जिवलग स्नेह्यांना लिहिलेली पत्रे वाचली म्हणजे मात्र निराळेच चित्र दिसू लागते. १७६५ साली सुचलेली कल्पना १७७६ मध्ये खाणीवर प्रत्यक्ष कामास लागली. मधली अकरा वर्षे हा संशोधक कर्ज, डोकेदुखी आणि निराशा यांनी गांजलेला होता. ते यंत्र पुरे झाले याचे पुष्कळसे श्रेय त्याच्या पत्रांना उत्तरे देणाऱ्या माणसांकडे जाते.

वॉट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे तयार करणारा कारागीर होता. न्यूकोमेनच्या बाष्पयंत्राची एक प्रतिकृती दुरुस्त करताना त्याच्या ध्यानात आले की, वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरमध्येच गार पाणी सोडले जाते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात सिलिंडर निवतो आणि पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ खर्ची पडते. वाफ एका वेगळ्या पात्रात नेऊन तेथे निववावी, हा त्यावरील त्याचा उपाय. त्याच वसंतात डॉ. जेम्स लिंड या मित्राला त्याने कळवले की, या यंत्रावाचून दुसरे काही आपल्याला सुचतच नाही.

पण कल्पना आणि यंत्र यांत फार अंतर असते. दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसेना, कुशल लोहार मिळेनात, पैसा पुरेना. प्राध्यापक जोसेफ ब्लॅकने वॉटला कर्जाऊ रक्कम दिली होती. पुढे जॉन रोबक या कारखानदाराने कर्जाचा भार उचलून पेटंटमध्ये दोन तृतीयांश वाटा घेतला. पोट भरण्यासाठी वॉटला कालव्यांची मोजणी करीत रानोमाळ हिंडावे लागे, आणि यंत्र तसेच पडून राही.

या काळातील सर्वांत मोलाची पत्रे बर्मिंगहॅमच्या डॉ. विल्यम स्मॉलला लिहिलेली आहेत. स्मॉल मूळचा स्कॉटलंडचा वैद्य. अमेरिकेत व्हर्जिनियातील महाविद्यालयात शिकवत असताना टॉमस जेफर्सन त्याचा विद्यार्थी होता. १७६७ मध्ये वॉटची आणि त्याची ओळख झाली आणि वॉटने आपले मन त्याच्यापुढे मोकळे केले. १७७० च्या जानेवारीत तो लिहितो की, आज पस्तिसाव्या वर्षात पाऊल टाकले, पण जगाच्या उपयोगी पडेल असे पस्तीस पेन्स किमतीचेही काम हातून झाले नसेल. शोध लावण्याइतका मूर्खपणाचा उद्योग जगात दुसरा नाही, असेही तो एकदा म्हणतो. हिशेब मिटवण्यापेक्षा अथवा सौदा करण्यापेक्षा भरलेल्या तोफेसमोर उभे राहणे बरे, असे त्याला वाटे. हा विनय दाखवण्यासाठी लिहिलेला मजकूर नव्हे. ज्याला व्यवहार खरोखरच जमत नव्हता, अशा माणसाचे हे बोल आहेत.

धीर देणारा स्मॉल स्वतःही खिन्नतेने पछाडलेला असे. तरी त्याची उत्तरे कामाची असत. फेब्रुवारी १७६९ मध्ये त्याने आणि कारखानदार मॅथ्यू बोल्टनने वॉटचा पेटंटचा मसुदा वाचून सल्ला दिला की, विशिष्ट यंत्राची आकृती अथवा वर्णन न देता केवळ तत्त्वे स्पष्ट मांडावीत. सल्ला मानला गेला. नक्कल करणाऱ्याला पळवाट मिळू नये हा त्यातला हेतू. परंतु पुढे १७९० नंतरच्या खटल्यांत प्रतिपक्षाने नेमका आकृत्यांच्या अभावावरच हल्ला चढवला. १७९५ मध्ये न्यायाधीशांची मते समसमान विभागली आणि १७९९ मध्ये कोठे निकाल वॉटच्या बाजूने लागला. मित्राच्या एका पत्राने तीस वर्षांनंतर पेटंट धोक्यात आणले, आणि बहुधा तोवर त्याचे रक्षणही केले.

त्याच महिन्यातील बोल्टनचे पत्रही वाचण्याजोगे आहे. रोबकने त्याला तीन परगण्यांपुरता यंत्रे करण्याचा हक्क देऊ केला होता. बोल्टनने उत्तर दिले की, तीन परगण्यांसाठी यंत्रे करणे परवडणार नाही. साऱ्या जगासाठी करावयाची असतील तर आपली तयारी आहे. वॉटविषयीचे प्रेम आणि पैसा मिळवून देणाऱ्या कल्पक योजनेचे प्रेम, असे आपले दोन हेतू त्याने सरळ सांगून टाकले.

१७७३ मध्ये रोबकचे दिवाळे निघाले व त्याचा वाटा बोल्टनकडे आला. त्याच वर्षी वॉट उत्तरेकडील डोंगराळ मुलखात मोजणीवर असताना त्याची पत्नी मार्गारेट बाळंतपणात वारली. १७७४ च्या मे महिन्यात वॉट बर्मिंगहॅमला राहावयास गेला. स्मॉल आता त्याच गावात होता. टपालाची गरज उरली नाही. पण हा सहवास वर्षभरही टिकला नाही. २५ फेब्रुवारी १७७५ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, स्मॉल मरण पावला. मृत्यूची वार्ता वॉटला कळवताना बोल्टनसारख्या उत्साही माणसानेही लिहिले की, जीव लावण्याजोगे आणखी काही उरले नसते, तर आपणही मृतांच्या वसतीत जाऊन राहिलो असतो. जेफर्सनला हे ठाऊक नव्हते. मे महिन्यात त्याने मदिरेच्या बाटल्यांसोबत आपल्या गुरूला पत्र पाठवले. त्याच वर्षी पार्लमेंटने वॉटच्या पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवली.

एवढा पत्रव्यवहार टिकून राहिला, याला वॉटचाच आणखी एक शोध काही अंशी कारण आहे. पत्रांच्या नकला हाताने उतरवण्याचा त्याला कंटाळा येई. १७७९ मध्ये त्याने ब्लॅकला कळवले की, लिहून चोवीस तासांहून अधिक काळ न लोटलेल्या पत्राची नक्कल तत्काळ काढण्याची युक्ती आपल्याला साधली आहे. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर पातळ, ओलसर कागद ठेवून दाबला की उलटी अक्षरे उमटत, आणि कागद पातळ असल्याने ती मागच्या बाजूने सुलटी वाचता येत. १७८० मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले.

ब्लॅकशी वॉटचा पत्रव्यवहार ब्लॅकच्या निधनापर्यंत, म्हणजे १७९९ पर्यंत चालू होता. ब्लॅकच्या अप्रकट उष्णतेच्या सिद्धांतातूनच वॉटला वेगळ्या पात्राची कल्पना सुचली, असे दोघांचा मित्र जॉन रॉबिसन याने लिहून ठेवले होते. रॉबिसनचे लेख नव्याने छापण्याच्या वेळी, १८१४ मध्ये, वृद्ध वॉटने त्यांचे संपादक ब्रूस्टर यांना पत्र लिहून ही समजूत दुरुस्त केली. यंत्रातील सुधारणा त्या सिद्धांतावरून सुचली नव्हती, असे त्याने स्पष्ट केले. परंतु अचूक विचार कसा करावा आणि प्रयोग कसे करावेत, हे आपण ब्लॅककडूनच शिकलो, हेही त्याने त्याच पत्रात नोंदवून ठेवले.