अंगठा देण्याआधी

चि. निनाद,


ढोल-ताशा पथक सोडायचं म्हणतोस, ते मला पटलेलं नाही. शाळेत घुम्या म्हणून ओळखला जाणारा मुलगा नदीपात्रातल्या सरावावरून आला की त्याच्या हाताला फोड असतात आणि तोंडाला खळ नसते, हे वहिनी मला कौतुकाने सांगते. माणसाला कंपू लागतो, तुझ्या वयात तर जास्तच. त्यात लाजायचं काय? खटकला तो तुझा अंगठा. सुपाऱ्यांच्या पैशांचा हिशेब एका मुलीने मागितला, तिला काढून टाकायचं ग्रुपवर ठरलं, आणि मनात नसताना तूही अंगठा दिलास.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन रेघांतली कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे, इतकंच सांगायचं. पण बाकीचे सगळे आधीच पढवलेले. ते बिनदिक्कत चुकीचं उत्तर द्यायचे. चारातले साधारण तीनजण एकदा तरी त्यांच्यामागे वाहवत गेले. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: त्या घोळक्यात एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी चुका झपाट्याने घटायच्या. छाती वगैरे नंतर. आधी एक जोडीदार लागतो.

तुझ्या फर्ग्युसनचंच घे. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणाच्या बदनामी खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. याहून घट्ट कंपू कुठला? तरी सामाजिक सुधारणेवरून बिनसलं. आगरकर १८८७मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपण त्यांना एकांडे शिलेदार म्हणून मिरवतो, ते मला अर्धवट वाटतं. ‘सुधारक’ची इंग्रजी बाजू गोखले सांभाळत होते, विशीतला पोरगा! आणि फर्ग्युसन चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी आगरकरांनी सोडलीच नाही. ती सोडली टिळकांनी, १८९०मध्ये. (त्या भांडणात कोण किती बरोबर, हा वाद तुझ्या बाबाशी घाल, त्याला आवडतो.) आगरकर १८९२मध्ये फर्ग्युसनचेच प्राचार्य झाले.

त्या मुलीला मात्र अजून कुणी गोखले भेटलेला नाही. उद्या सरावाआधी तिला फोन कर. अंगठा दिला होता, हेही सांग. तिने तो पाहिलेलाच असणार. मग दोघं मिळून पथकप्रमुखाला समोरासमोर भेटा आणि हिशेब मागा. ग्रुपवर नको, तिथे बारा अंगठे दिसले की तेरावा आपोआप उठतो. कदाचित मिरवणुकीत तुझ्या कमरेला ढोल बांधणार नाहीत, पाणी वाटायला लावतील. वाट. आणि दोघांनाही काढलंच तर कळव. पुण्यात पथकांना तोटा नाही.

तुझी,
आत्या