ख्रिस्ती धर्मातील आत्मा व मरणोत्तर जीवन

आमच्या तरसालीच्या परिसरात निरनिराळ्या प्रांतांची व धर्मांची कुटुंबे शेजारीशेजारी नांदतात. शेजारधर्मात सुखाच्या प्रसंगांप्रमाणे मृत्यूचे प्रसंगही येतात. अशा वेळी ख्रिस्ती शेजाऱ्याच्या तोंडी ‘आत्मा’ हा शब्द ऐकून, त्याच्या मनातील कल्पना हिंदू कल्पनेसारखीच असावी, असे पुष्कळ विद्यार्थी गृहीत धरतात. शब्द एक असला तरी अर्थ कोठे वेगळा होतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे, तसा आत्मा देहामागून देह धारण करतो, हा भगवद्गीतेतील दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे आत्मा अनादी मानला आहे. ख्रिस्ती मताप्रमाणे आत्मा अनादी नाही. तो ईश्वराने निर्माण केलेला आहे. मनुष्याला जन्म एकदाच व मरणही एकदाच. पुनर्जन्माला तेथे स्थान नाही. म्हणून या एकाच आयुष्यातील श्रद्धेला व वर्तनाला फार मोठे मोल येते.

दुसरा भेद देहासंबंधीचा आहे. ईश्वराने मातीपासून मनुष्य घडविला व त्यात श्वास फुंकला, अशी कथा बायबलच्या आरंभी आहे. देह हे केवळ वस्त्र नव्हे. देह व आत्मा मिळून मनुष्य होतो. मरणाने दोहोंची ताटातूट होते, परंतु ती कायमची नसते. अखेरच्या दिवशी मृतांचे पुनरुत्थान होऊन सर्वांचा न्याय होईल, अशी पारंपरिक शिकवण आहे. येशू ख्रिस्त मरणानंतर तिसऱ्या दिवशी उठला, या श्रद्धेवर ही आशा उभी आहे. ईस्टरचा सण त्याच घटनेचा. संत पौलाने यासाठी बियाण्याचा दृष्टांत योजिला आहे. पेरलेला दाणा निराळा व उगवलेले रोप निराळे. तरी रोप त्या दाण्याचेच असते. दफनभूमीला इंग्रजीत ‘सिमेटरी’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘निजण्याची जागा’ असा आहे.

पंथांपंथांत मतभेदही आहेत. रोमन कॅथलिक पंथात स्वर्ग व नरक यांखेरीज शुद्धिस्थान मानतात, व २ नोव्हेंबर रोजी मृतांसाठी विशेष प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट पंथ शुद्धिस्थान मानीत नाहीत. दफनाची रूढी जुनी असली, तरी कॅथलिक धर्मपीठाने १९६३ मध्ये दहनावरील बंदी उठविली. देहाची राख झाली म्हणून ईश्वराच्या सामर्थ्याला बाध येत नाही, असा यामागील विचार आहे.

हे विचार मराठीत आणताना ग्रंथकारांपुढे शब्दांचा मोठा प्रश्न उभा राहिला. मूळचे इंग्लंडचे व १५७९ मध्ये गोव्यास आलेले फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओळखीचा शब्द योजिला. पंडिता रमाबाईंनी उलट मार्ग धरला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर केले, तेव्हा हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द टाळून, साध्या स्त्रियांना कळेल अशी मराठी त्यांनी पसंत केली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरीही त्यांनी हे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले व १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. ज्या पुनरुत्थानासाठी त्या मराठी शब्द शोधीत होत्या, त्याच्याच आशेवर त्यांनी कन्यावियोग सोसला.

विद्यार्थिमित्रहो, सर्व धर्म एकच सांगतात, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शेजाऱ्याच्या दुःखात खरोखर सहभागी व्हावयाचे असेल, तर तो कोणत्या आशेवर धीर धरतो, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे. आपली श्रद्धा न सोडताही ते करता येते.