दुसरी लेन्स घेणार आहात का?

नोएडा-गुरुग्रामकडच्या मराठी घरात डीएसएलआर कुठे सापडतो? कपड्यांच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, रजयांच्या मागे. बॅगेची चेन अडकते, बॅटरी मेलेली असते आणि कॅमेऱ्यावर तीच १८-५५ची किट लेन्स असते. खोक्यातून काढली त्या दिवशी लावली, ती आजतागायत उतरलेली नाही. बारसं, पहिला वाढदिवस, एक मनालीची सहल, आणि मग फळी. माझाही काही काळ तिथेच होता.

मंडळाच्या गणपतीत मी फोटो काढत फिरतो, त्यामुळे दरवर्षी कुणीतरी कोपऱ्यात गाठून विचारतंच, "खिशातला छोटा कॅमेरा घेऊ की डीएसएलआर?" पूर्वी मी सेन्सर, मेगापिक्सेल, कंपन्या असं बरंच बोलायचो. आता एकच विचारतो : दुसरी लेन्स घेणार आहात का? उत्तर "बघू पुढेमागे" असं आलं, तर डीएसएलआरचा विचार सोडून द्या. एन्ट्री लेव्हल बॉडी आणि तिच्यासोबत आलेली किट लेन्स, एवढ्यावरच थांबणाऱ्याचं जितकं नुकसान होतं तितकं दुसऱ्या कुणाचं होत नाही. वजन मोठ्या कॅमेऱ्याचं आणि फोटो छोट्याचे.

पटत नसेल तर हिशोब करून बघा. निकॉन डी३५०० चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, कॅनन १५००डी चा २२.३ बाय १४.९. खिशात मावणाऱ्या चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये 'एक इंची' म्हणवला जाणारा सेन्सर असतो. प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. (एक इंच हे माप जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या जमान्यातून आलेलं आहे, पट्टी लावायला जाऊ नका.) म्हणजे निकॉनचा सेन्सर क्षेत्रफळाने तिपटीहून थोडा मोठा. दुकानदार इथवर सांगतो आणि थांबतो. किट लेन्स झूम न करता जास्तीत जास्त एफ/३.५ इतकी उघडते, आणि सोनीच्या आरएक्स१०० ची किंवा कॅननच्या जी७एक्सची लेन्स एफ/१.८ इतकी, हे तो सांगत नाही. एवढ्या फरकाने छोट्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पावणेचार पट प्रकाश पडतो. मोठ्या सेन्सरने जे कमावलं ते लेन्सने तिथल्या तिथे घालवलं. झूम केल्यावरही जी७एक्स एफ/२.८ वर टिकून राहतो आणि किट लेन्स एफ/५.६ ला जाते. पहिला आरएक्स१०० मात्र झूमला एफ/४.९ पर्यंत उतरतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता तीच बॉडी घ्या आणि किट लेन्स काढून ३५ मिलिमीटर एफ/१.८ लावा. किट लेन्स तेवढ्या झूमला एफ/४.५ च्या आसपास असते. प्रकाश एकदम सहापट झाला. रात्री दिवाणखान्यातल्या एका एलईडी दिव्यात जिथे १/३० सेकंदाला रांगत्या पोराचा हात फोटोत फराटा होऊन येत होता, तिथे १/१८० मिळतो आणि बोटं मोजता येतात. इथे खिशातला कॅमेरा मागे पडतो. डीएसएलआरचे पैसे वसूल होतात ते या दुसऱ्या लेन्सपासून.

२०२५ च्या फेब्रुवारीत ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं. अध्यक्ष तारा भवाळकर. १९५४ मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनानंतर पहिल्यांदाच दिल्लीला हा मान मिळत होता, त्यामुळे कॅमेरा न घेता येणारा माणूस विरळाच. माझा मित्र गळ्यात डीएसएलआर अडकवून आला होता, किट लेन्सवाला. माझ्या खिशात कॉम्पॅक्ट. बसायची जागा मागच्या पायऱ्यांवर. त्याची लेन्स ५५ ला नेली तरी फिल्मच्या जुन्या मापात तो ८८ मिलिमीटरच होतो, माझा छोटा कॅमेरा १०० ला पोचत होता. दोघांच्याही फोटोत भव्य मंडप आणि मधोमध एक ठिपका आला. तो ठिपका म्हणजे अध्यक्ष. आमच्या पुढच्या रांगेत पुण्याहून आलेले एक गृहस्थ होते. त्यांची बॉडी मित्राच्याच मॉडेलची, वर ५५-२५०. त्यांच्या फोटोत चष्म्याची काडी दिसत होती. मित्र गप्प झाला आणि चहाच्या सुट्टीत त्याने त्यांच्याकडून लेन्सचं नाव लिहून घेतलं.

लेन्सचं नाव नीट लिहून घ्यायचं असतं, हे मी बाजारात शिकलो. निकॉनच्या एन्ट्री लेव्हल बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. मला एका दुकानात ५० मिलिमीटरची एफ/१.८ डी मिळाली. स्वस्त, काच उत्तम, पण मोटर नसलेली. घरी येऊन बघतो तर फोकस हाताने फिरवावा लागतोय. धावणाऱ्या पोरीमागे हाताने फोकस फिरवून बघा एकदा. हवी होती 'जी' अक्षराची, एएफ-एस. त्याच दुकानातून आलेल्या ७०-३०० वर 'व्हीआर' ही दोन अक्षरं नव्हती. निकॉनने ती लेन्स दोन्ही प्रकारांत काढली आहे, हातातली थरथर सावरणारी आणि न सावरणारी, आणि खोकं जवळपास सारखंच दिसतं. ३०० मिलिमीटरला हात स्थिर असला तरी अशा लेन्सला १/४५० सेकंदाच्या आसपास शटर हवं. दिल्लीच्या डिसेंबरातल्या धुरकट सकाळी तेवढा उजेड येतो कुठून? बदलून मागायला गेलो तर बिल कच्चं.

म्हणून सांगतो, कॅननवाल्याने लेन्सवर 'आयएस' आणि निकॉनवाल्याने 'व्हीआर' स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. दिल्लीत कॅमेऱ्यांची मोठी बाजारपेठ चांदनी चौकातल्या कूचा चौधरीत आहे आणि तिथे चोख माल विकणारी पिढीजात दुकानंही आहेत. पण बॉडीवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, भारतातल्या वॉरंटीचं कार्ड आहे ना, हे गल्ल्यावर उभं असतानाच बघायचं. "जीएसटी के बिना दे दूँगा, भाईसाब" या वाक्यात वाचणारे पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा तो चुकवण्याचा मोह आता तितका नसावा. मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ गाड्यांना बंदी आहे, मेट्रोनेच जा.

पक्ष्यांची आवड असेल तर प्रश्नच मिटला. ओखला पक्षी अभयारण्याला आता मॅजेंटा लाइनचं स्वतःच्या नावाचं स्टेशन आहे. सुलतानपूरला, जे २०२१ मध्ये रामसर यादीत गेलं, गाडीने जावं लागतं. ग्रेटर नोएडापलीकडे धनौरीच्या पाणथळीत सारस दिसतात. या तिन्ही ठिकाणी खिशातला कॅमेरा पक्षी सोडून बाकी सगळं दाखवतो. ३०० मिलिमीटरसुद्धा तोकडी वाटते. तिथे बरेच जण निकॉनचा पी९०० घेऊन फिरताना दिसतात. त्याला ८३ पट झूम आहे आणि लेन्स बदलायची भानगड नाही, पण वजन ९०० ग्रॅमच्या घरात. तो खिशात मावत नाही आणि त्याचा सेन्सर नखाएवढा आहे, त्यामुळे ऊन असेल तोवर खुशाल, ढग आले की झाकण लावा. फक्त पक्षी ओळखायला फोटो हवेत अशा निवृत्त मंडळींना मी तोच सांगतो आणि शिव्या अजून खाल्लेल्या नाहीत.

मग छोट्या कॅमेऱ्याच्या बाजूने काय? खूप काही. निजामुद्दीनच्या गल्लीत डीएसएलआर काढला की दोन मिनिटांत कुणीतरी विचारतं, "किस चैनल से हो?" एका बागेत रखवालदाराने मला प्री-वेडिंगवाला समजून परवानगीचा कागद मागितला. शेजारी त्याहून बरा फोटो देणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यावर एक बाई निवांत फोटो काढत होत्या, त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये बहुतेक संरक्षित स्मारकांत फोटोंना मुभा दिली, पण तिकाटणी दिसली की पहारेकरी उठतोच. कॉम्पॅक्टला तिकाटणी लागत नाही, हुमायूनच्या मकबऱ्याच्या कठड्यावर ठेवला तरी काम होतं. अक्षरधामला मात्र दोघांनाही दारातच जमा करावं लागतं.

छोटा की मोठा, हा वाद दिल्लीला नवा नाही. जानेवारी १९४८ च्या शेवटच्या दिवसांत आंरी कार्तिए-ब्रेसाँ मुठीत मावणारा लायका घेऊन इथे होता आणि होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिकसारखी अवजड यंत्रं वाहत काम करत होत्या. गांधीजींची अंत्ययात्रा दोघांनीही टिपली. कुणाचा कॅमेरा चुकीचा होता असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

कॉम्पॅक्टचं खरं दुखणं दिल्लीत वेगळंच आहे, आणि ते दुकानात कुणी बोलत नाही. धूळ. चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते, आणि त्या ये-जा करण्यात हवा ओढली जाते. मे महिन्यातल्या आँधीनंतर माझ्या कॉम्पॅक्टच्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी एक करडा डाग दिसायला लागला. डीएसएलआर असता तर लेन्स काढून, आरसा वर करून रबरी फुंकणीने फू करून टाकलं असतं. कॉम्पॅक्ट उघडावाच लागतो, आणि उघडण्याचं जे बिल मला सांगितलं गेलं ते ऐकून मी डाग ठेवून घेतला. आँधी उठली की कॉम्पॅक्ट सुरूच करू नका, एरवीही तो चेनच्या थैलीतच ठेवा, नुसता जीन्सच्या खिशात नको, कारण खिशातल्या धाग्यांचा भुगा धुळीपेक्षा वाईट. डीएसएलआरवाल्यांनीही रस्त्यात उभं राहून लेन्स बदलू नये. त्यांना दुसरी भीती पावसाळ्याची : ऑगस्टच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, वीस मिनिटांचं काम आहे.

आणखी दोन गोष्टी पटकन. दिल्लीच्या उन्हाळ्यात दुपारी स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही, डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरला ऊन बाधत नाही. बऱ्याच कॉम्पॅक्टना व्ह्यूफाइंडर नसतोच, घेण्याआधी बघा. बॅटरीचंही तसंच. डी३५०० एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीने दीड हजारावर फोटो काढतो, खिशातले बहुतेक दोन-तीनशेत दमतात. एक जादा बॅटरी किमतीत धरूनच चला.

आणि स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊच नका. दहा-बारा हजारांच्या कॅमेऱ्यात १/२.३ इंच नावाचा सेन्सर असतो, क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. एक इंचीचं ११६ भरतं. तुमच्या हातातला चांगला फोन त्या स्वस्त कॅमेऱ्याला सहज मागे टाकतो. एक इंचीवाला मात्र आज एन्ट्री लेव्हल डीएसएलआरपेक्षा महाग पडतो, हे ऐकून लोक दचकतात. "छोटा आणि महाग?" हो. छोट्या जागेत मोठा सेन्सर आणि मोठी काच बसवायचे ते पैसे आहेत.

परवा गुरुग्रामहून भाच्याचा फोन होता. घरी पाळणा हलणार आहे.

"मामा, पन्नास हजारांत काय येईल?"

"काय काढायचंय?"

"बाळच, अजून काय. आणि कुठे गेलो तर."

त्याला म्हटलं, नवा डी३५०० आता मिळणार नाही, कॅमेरा कंपन्या मिररलेसकडे वळल्या आहेत. नवंच हवं असेल तर त्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांना लेन्सचा हाच नियम लाव. नाहीतर वापरलेली बॉडी बघ. निकॉनच्या फोटोच्या माहितीत शटर किती वेळा उडालं तो आकडा असतो. डी३५०० चं शटर एक लाखाच्या चाचणीला उतरलेलं आहे, वीस-तीस हजारांचा मिळाला तर उत्तम. विकणाऱ्याकडून तिथेच काढलेला मूळ फोटो माग, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती माहिती उरत नाही. उरलेल्या पैशांत ३५ एफ/१.८ जी घे, किट लेन्स फुकट मिळाली तर घे.

हे सगळं तिकडे स्पीकरवर चाललं होतं. मागून सूनबाईंचा आवाज आला, "मामा, बाळाची बॅग, दुधाच्या बाटल्या आणि वर हा कॅमेरा, हे कोण उचलणार ते पण सांगा ना." त्या प्रश्नाला माझ्याकडे एफ-नंबर नव्हता. तिला एक इंची हवाय, त्याला ३५ची लेन्स. कोण जास्त वेळा फोटो काढतं ते आधी ठरवा, असं दोघांना सांगितलं आहे. ठरलं तर शनिवारी चांदनी चौकात जाऊ, रविवारी तिकडची दुकानं बंद असतात.