तबकडी सुचवशील तेव्हा

धुळे

चि. बापू,

तुझं पत्र पोचलं. जळगावात तुम्ही मित्र जमून जॅझ ऐकता, एकमेकांना रेकॉर्ड सुचवता आणि त्याची वही ठेवता, हे वाचून फार आनंद झाला. वहीसाठी तू घातलेला नियम मात्र मला पटलेला नाही. संगीताबद्दल तेवढं लिहायचं, घरच्या-दारच्या आठवणी कुणी लिहायच्या नाहीत, असा तुझा नियम आहे. आठवणी आल्या की चर्चा भरकटते, हे तुझं कारण मी समजू शकतो. तरीही आठवणी काढून टाकल्या तर तुमच्या वहीत नुसती नावांची यादी उरेल, आणि तशी यादी आज कुणालाही घरबसल्या मिळते. माझ्या मते रेकॉर्ड सुचवणाऱ्याने दोन गोष्टी सांगायला हव्यात. ध्वनिमुद्रण नेमकं कोणतं, कोणत्या सालचं आणि त्यात कोण वाजवतंय, ही एक. ते आपल्यापर्यंत कसं आलं, कुणाकडे आणि कशावर ऐकलं, ही दुसरी. पहिली सुटली तर दुसरीला आधार राहत नाही. दुसरी सुटली तर या संगीताचं आपल्या मुलखात काय झालं, हे पुढे कुणालाच कळणार नाही. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो.

मुंबईत जॅझ रुजलं ते ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे हा अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन तिथे आला. ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही तिथे वाजवत. वेदरफर्ड तर इथलाच झाला. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. हे सगळे कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंत होते, आणि त्यांच्याकडून वाजवण्याची रीत उचलली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांमध्ये त्यांचं नोटेशन लहानपणीच पक्कं झालेलं होतं. आता विचार कर: रात्रीमागून रात्री वाजलेल्या या संगीतातलं तबकडीवर कितीसं उतरलं? फारच थोडं. १९३६ साली मुंबईत क्रिकेट स्मिथच्या बँडने ‘ताज महाल’ नावाचा फॉक्सट्रॉट, म्हणजे नाचाची धून, मुद्रित केला. वेदरफर्डच्या कलकत्त्यातल्या काही तबकड्या आहेत. आणखीही काही सापडतात. बाकीचं सगळं हवेत विरून गेलं. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या या जॅझचा इतिहास ज्या पुस्तकात लिहिला, त्याला त्या फॉक्सट्रॉटचंच नाव दिलं आहे. ते पुस्तक उभं राहिलं ते जुनी वर्तमानपत्रं, घराघरांतले फोटो आणि म्हाताऱ्या वादकांच्या नि श्रोत्यांच्या आठवणी यांच्यावर. केवळ तबकड्यांच्या भरवशावर ते लिहिता आलंच नसतं.

दुसरा पुरावा तुझ्या रोजच्या ऐकण्यातला आहे. ‘अलबेला’ हा १९५१ चा चित्रपट, संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यातली गाणी लग्नाच्या वरातीत बँडवाले अजूनही वाजवतात. त्या गाण्यांमागचं ट्रम्पेट चिक चॉकलेट यांचं. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. रात्री हॉटेलात अमेरिकी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवायचं आणि दिवसा स्टुडिओत सी. रामचंद्रांना साथ द्यायची, असा त्यांचा क्रम होता. ‘अलबेला’च्या पडद्यावर ते आपल्या बँडसकट दिसतातही. पण त्या काळची मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी हातात घेऊन लेबल वाच. चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार, झालं. वादकांची नावं लेबलवर घालण्याची पद्धतच नव्हती. फाळणीआधी लाहोरमध्ये बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी वाद्यवृंदाची मांडणी करत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत, शिकवत आणि मांडणीही लिहीत. मुंबईत दारूबंदी आल्यावर हॉटेलांमधलं बँडचं काम आटलं आणि अशा कितीतरी वादकांना स्टुडिओचाच आधार राहिला. त्यांनी लिहिलेले नोटेशनचे कागद रेकॉर्डिंग संपल्यावर फारसे कुणी जपले नाहीत. मग आज आपल्याला हे ठाऊक कसं? ग्रेगरी बूथ या अमेरिकी अभ्यासकाने मुंबईत वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि २००८ साली पुस्तक काढलं, म्हणून. कुणाच्या गल्लीत कोण राहत होतं, कोण कुणाला सकाळी टॅक्सीत घेऊन स्टुडिओत जायचं, कुणी कुणाच्या जागी ऐनवेळी वाजवलं, असल्या साध्या गोष्टींतून ही माहिती गोळा झाली आहे. तू ज्यांना घरच्या-दारच्या आठवणी म्हणून वहीबाहेर ठेवतो आहेस, त्या याच जातीच्या आहेत.

यावर तू म्हणशील की आठवण खोटी असू शकते. असू शकते, आणि पुष्कळदा असतेच. माणूस साल चुकतो, नावात गल्लत करतो, ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून सांगतो. पण म्हणून छापील मजकूर खरा मानायचा, असंही होत नाही. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड घे. १९५९ साली मार्च आणि एप्रिल अशा दोन बैठकांत न्यूयॉर्कला ती मुद्रित झाली. मार्चच्या बैठकीतलं टेपयंत्र ठरलेल्या वेगापेक्षा हळू चाललं होतं. त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू कित्येक वर्षं मूळ स्वरापेक्षा किंचित चढी वाजत राहिली. ही चूक १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त झाली. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंसुद्धा उलटसुलट छापलेली होती. पियानोवर बिल इव्हान्स, पण ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच रचनेत विंटन केली. म्हणून ‘काइंड ऑफ ब्लू ऐक’ एवढं सांगणं अपुरं आहे. कोणती आवृत्ती ऐकलीस ते सांग. तुमच्यातला एखादा रेकॉर्डबरोबर पेटी किंवा सतार वाजवू पाहील आणि त्याचा सूर जुळणार नाही, तेव्हा त्याला कारण कळायला हवं.

आठवण आणि वस्तू एकमेकींवर घासून पाहायच्या, ही रीत शिकायला आपल्याला अमेरिकेत जायचं कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली इथे धुळ्यातच वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. गावोगावचे वाडे धुंडाळून त्यांनी जे कागद जमवले, त्यांना मोल आलं ते कागद कुठला, कुणाच्या दप्तरातला, हे पाहण्याच्या त्यांच्या शिस्तीमुळे. तबकड्यांच्या बाबतीत हीच शिस्त मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने १९९० पासून धरली. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी तिचं नियतकालिक चालवलं, आणि त्यात संग्राहकांनी लेबलं, तबकड्यांचे क्रमांक, गायकांच्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या नि त्यांच्याभोवतीच्या हकिकती एकत्र छापल्या. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा हिंदी चित्रपटगीतांचा कोश १९८० पासून खंडाखंडाने निघाला. त्यालाही गावोगावच्या रेडिओ ऐकणाऱ्यांचा आणि तबकड्या जपणाऱ्यांचा हातभार लागला. सरकारने किंवा कंपनीने जे जपलं नाही ते ऐकणाऱ्यांनी जपलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तुमची वही त्याच कामाचा एक लहान तुकडा ठरावी अशी माझी इच्छा आहे.

तुझी दुसरी शंका तू स्पष्ट लिहिली नाहीस, पण पत्रात जागोजाग दिसते. जॅझ न्यू ऑर्लीन्सचं, फार तर मुंबई-गोव्याचं. केळी-कापसाच्या जळगावातल्या माणसाची आठवण त्याला कशाला हवी? बापू, असं म्हणणाऱ्याने निदान जळगावात तरी म्हणू नये. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी त्यांच्या ओव्या उतरून घेतल्या, आणि त्या गेल्यावर १९५२ साली त्या छापून आल्या. कुणीतरी ऐकलं आणि लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्यापाशी ती गाणी आहेत. जॅझचंही तसंच. ते ज्या शहरात जन्मलं तिथली माहिती तिथले लोक गोळा करतील. ते ज्या ज्या गावात ऐकलं गेलं तिथली गोष्ट त्या गावाने नाही सांगितली तर दुसरा कोण सांगणार? अमेरिकेच्या सरकारी रेडिओवरून विलिस कॉनोव्हर १९५५ पासून नियमित जॅझ ऐकवत असे. शॉर्टवेव्हवर ते जगभर पोचे, आणि शॉर्टवेव्हचा रेडिओ काही मुंबईतच होता असं नाही. भुसावळ तर तुझ्या दाराशी आहे. तिथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येने राहत होती. पुढे बरीच परदेशी गेली, पण त्यांच्या शेजारी राहिलेली, त्यांच्याबरोबर नोकरी केलेली मराठी माणसं आहेत. त्यांच्या घरांतून काय वाजत असे, नाचाला कोणता बँड येत असे, जाताना रेकॉर्ड कुणाला दिल्या, हे विचारणारा कुणीतरी हवा. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारी घराणीच्या घराणी आहेत. ती वाद्यं त्यांच्या हाती कशी आली आणि ‘अलबेला’तलं ट्रम्पेट त्यांनी कानाने कसं उचललं, हे त्यांच्यावाचून कुणी सांगू शकणार नाही. आणि ही माणसं थकत चालली आहेत.

आठवणींत वाहून जाणाऱ्यांचा त्रास होतो, हे तुझं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. पूर्वीचं ते सगळं सोनं आणि आताचा सगळा गोंगाट, असं म्हणणारा माणूस रेकॉर्डकडे दुर्लक्ष करून स्वतःच्या तरुणपणाबद्दल बोलत असतो. त्याला गप्प करू नकोस, नेमका प्रश्न विचार. कोणती रेकॉर्ड? त्यातलं कोणतं वाद्य? कोणती जागा? उत्तर आलं तर आठवण वहीत घे. नाही आलं तर तिथेच सोड. आता मोबाइलच आपोआप पुढचं गाणं सुचवतो, मग माणसाने सुचवण्याची गरज काय, असं तुझा एक मित्र म्हणतो. मोबाइल आधी ऐकलेल्याच्या जवळपासचं काहीतरी पुढे ठेवतो. ते का ठेवलं हे सांगत नाही, आणि ते न आवडल्याची जबाबदारीही घेत नाही. सुचवणारा मित्र पुढच्या रविवारी तुझ्यासमोर बसलेला असतो आणि त्याला आपल्या शब्दाचा जाब द्यावा लागतो. हा फरक मला निर्णायक वाटतो.

सुचवताना समोरच्याचा कानही ओळखावा. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला नेमाने जाणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी जॉन कोल्ट्रेनची १९६१ ची ‘इंडिया’ देऊ नकोस. नावाला भुलून तो ऐकेल आणि बिचकेल. त्याला आधी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्या ऐकव. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात राग उभा करायचा, बढत दाखवायची आणि सुई उचलण्याआधी समेवर यायचं. मग लुई आर्मस्ट्राँगचा १९२८ चा ‘वेस्ट एंड ब्लूज’ लाव. सुरुवातीला साथीवाचून एकट्या ट्रम्पेटने घेतलेला तो उठाव त्याच्या कानाला परका वाटणार नाही, कारण तीन मिनिटांची तीच कोंडी दोघांनीही आपापल्या विद्येने फोडलेली आहे. ज्याचं बालपण हिंदी गाण्यांवर गेलं त्याच्यासाठी शंकर-जयकिशनची १९६८ ची ‘राग जॅझ स्टाइल’ चांगली. अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. ती थोर जॅझ आहे असं मी म्हणणार नाही. वादकांची सुटी कल्पनाशक्ती तिच्यात कमी आणि बांधलेली मांडणी जास्त आहे. पण दार उघडायला ती उपयोगी पडते, आणि तिच्या निमित्ताने मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन आणखी किती गाण्यांत ऐकलाय, हे लोक आपणहून आठवू लागतात. तिथून तू त्यांना कोल्ट्रेनकडे ने. घाई करू नकोस.

तेव्हा वहीचा नियम बदल. प्रत्येक नोंदीत रचनेचं नाव, मुद्रणाचं साल, वाजवणारे, आपण ऐकली ती आवृत्ती, आणि त्याखाली ती कुणाकडून आली, कुठे ऐकली, कोणत्या जागेपाशी कान अडला, एवढं यायला हवं. खात्री नसेल तिथे जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. आणि पावसाळ्याआधी एकदा दोघं-तिघं भुसावळला जा, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना भेटा, कुणाकडे जुन्या तबकड्या असतील तर लेबलं आणि क्रमांक उतरवून घ्या, ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पहिल्या दहा नोंदी झाल्या की मला पाठव. 

तुझा
मामा