जत्रेत आपला एक मान ठेव

ऐक गं, ऑगस्ट लागला की तुझ्या ऑफिसात जो भेटेल तो विचारेल, "यंदा स्टेट फेअरला कधी जाणार?" 'जाणार का' असं मिनेसोटात कुणी विचारतच नाही. तू इथे नवी आहेस, म्हणून आधीच कानावर घालते.

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, गाईगुरं बघायला तिकीट काढायचं? ती आजोळी फुकट बघितलीत." तू बघितलीस. तुझ्या पोरांनी कुठे बघितलीत? त्यांच्या लेखी दूध फ्रिजमधून येतं. फेअरमधल्या 'मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर'मध्ये वासरं, कोकरं, डुकराची पिल्लं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जन्मतात. धाकट्याचे प्रश्न संपणार नाहीत. उत्तरं तयार ठेव!

ही जत्रा 1859 पासूनची. 1885 पासून ती मिनिॲपोलिस आणि सेंट पॉलच्या मधल्या याच जागेवर भरते. बारा दिवस चालते आणि लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपते. त्यानंतर इथल्या बहुतेक शाळा उघडतात, म्हणून उन्हाळ्याचा हा शेवटचा घास सगळे चवीने खातात. 2018 आणि 2019 मध्ये वीस लाखांवर माणसं आली होती. तेव्हा गर्दी असणारच, त्याचं टेन्शन घेऊ नकोस.

फक्त एक कर. सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. मैदान तीनशे एकरांवर आहे. दमलेली पोरं आणि वैतागलेला नवरा, एवढंच हाती लागेल. आपल्या गावच्या जत्रेत कसं, कुणाकडे पालखीचा मान, कुणाकडे सासनकाठीचा. तसा घरातल्या प्रत्येकाला एकेक मान देऊन टाक. ज्याचा मान त्याने ठिकाण निवडायचं आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता मागे जायचं. आमच्याकडे थोरलीचा मान लोण्याच्या पुतळ्याचा. दूध उत्पादक शेतकऱ्यांची प्रतिनिधी म्हणून दरवर्षी एका मुलीला 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे'चा मुकुट मिळतो. डेअरीच्या इमारतीत एक काचेची थंडगार खोली गोल फिरत असते. तिथे ती मुलगी कोट-टोपी घालून तासन्‌तास बसते आणि कलाकार सुमारे चाळीस किलो लोण्यातून तिचा चेहरा कोरतो. थोरली आता मोठी झाली, बाकी कशालाही नाकं मुरडते. पण काचेपाशी अजून पहिली धावते. भावजींचा मान 'ये ओल्ड मिल'चा. 1915 सालच्या त्या राइडमध्ये होडी अंधाऱ्या बोगद्यातून जाते. आत बघण्यासारखं फारसं काही नाही. गार वाटतं आणि बसायला मिळतं, हेच त्यांचं सुख!

बाकी व्यवहाराचं. तिकिटं आधी काढ, स्वस्त पडतात. शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी सकाळी लवकर पोहोच. गाडी थेट फाटकापर्यंत नेऊ नकोस. बाहेरच्या पार्क-अँड-राइडला लाव आणि बस पकड. पाण्याच्या बाटल्या घरून ने. शाकाहारी आहेस म्हणून उपाशी राहशील असं मुळीच नाही. भाजलेलं कणीस, तळलेले चीज कर्ड्‌स, मधाचं आइसक्रीम, शिवाय एका स्टॉलवर हवं तेवढं दूध. काठीवरचा 'प्रोन्टो पप' मात्र मांसाचा असतो, पोरांना आधीच सांग. स्वीट मार्थाची कुकी बादलीभर घ्यायची आणि दूध पीत पीत संपवायची, हा इथला रिवाज. प्रत्येक पदार्थ एकच घ्या आणि चौघांत वाटून खा. पोट आणि पाकीट दोन्ही टिकतं.

आता खरी गोष्ट. खाऊन-फिरून आलेलं माणूस पाहुणंच राहतं. आपलं काहीतरी तिथे मांडलेलं असलं की जत्रा आपली होते. जत्रेतल्या कृषी इमारतीत बियाण्यांची चित्रं लावतात. मिनेसोटात पिकणारं बियाणं एकेक दाणा करून फळीवर चिकटवायचं. लोक तासभर रांगेत उभे राहून बघतात. तू दिवाळीला धान्याची रांगोळी काढायचीस ना, आई सगळ्या आळीला बोलावून दाखवायची! तोच हात चालव. कुठलंही धान्य सरसकट चालत नाही. जवस, सोयाबीन, मका, गहू यांत काम भागव. मुलांसाठी वेगळे गट असतात. विणकाम, गोधड्या, मुरंबे यांच्याही स्पर्धा असतात. नोंदणी जत्रेच्या बरीच आधी बंद होते, म्हणून जुलैतच नियम वाचून ठेव. बक्षिसाची निळी फीत मिळेल न मिळेल, पण आपलं चित्र शोधत पोरं ज्या ऐटीत त्या इमारतीत शिरतील, त्यासाठी हा खटाटोप.

आणि गणपतीचं म्हणशील, तर तारखा कधी कधी भिडतात. 2025 मध्ये फेअर 21 ऑगस्टला सुरू झाली आणि गणपती 27 ला बसले. अशा वर्षी पहिल्या दोन-तीन दिवसांतच जाऊन ये. एकदा मखराच्या कामाला लागलीस की तुझा पाय घराबाहेर पडायचा नाही, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा आज रात्री जेवताना विषय काढ आणि कुणाचा कुठला मान ते पोरांनाच ठरवू दे. तारीख तेवढी मला कळव; तुमच्या पहिल्या खेपेला मीही येते.