मागचा शॉक उभा करताना

ऑफ-रोड ट्रकची उंची वाढवली की बरेचजण नुसते लांब शॉक ॲब्झॉर्बर बसवून मोकळे होतात. मी म्हणतो, आधी कोन मोजा!

सॉलिड ॲक्सलवर शॉक तिरका असला, की त्याचा वेग कोनाच्या कोसाइनपट होतो आणि बलाचा उभा घटकही तेवढाच घटतो. म्हणजे डॅम्पिंग उरतं कोसाइनच्या वर्गाइतकं. ३० अंशांना ७५ टक्के, ४५ अंशांना फक्त निम्मं! म्हणून वरचं माउंट सरकवून शॉक उभा करतात.

पण हे फुकट मिळत नाही. ॲक्सल २०० मिमी हलला, तर ४५ अंशांतल्या शॉकला साधारण १४० मिमी स्ट्रोक पुरतो. उभ्याला पूर्ण २०० लागतो. स्ट्रोक कमी पडला तर बंप स्टॉपआधी शॉकच टेकतो, आणि सगळा दणका माउंटच्या वेल्डवर बसतो.

म्हणून वेल्डिंगआधी ॲक्सल जागेवर धरणारा मुख्य पाटा ठेवून बाकीचे कमानपाटे काढा. ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत चढवा, मग पूर्ण खाली सोडा. दोन्ही मापं शॉकच्या मर्यादेत, थोडी जागा राखून बसली पाहिजेत. एकच चाक उचलूनही बघा. टायर, ब्रेकची नळी कुठे घासायला नको. बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार द्या.

आधी माप, मगच वेल्ड!