पावसाची वही : अनुभवाचे बोल

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली बरीचशी शेती कोरडवाहू. सोयाबीन, पऱ्हाटी, तूर, सगळं वरच्या पाण्यावर. जून लागला की चौकात एकच विचारणा: “भाऊ, रात्री पाणी किती झालं?” उत्तरं येतात, “धुऱ्यावरून वाहून गेलं,” “ढेकूळही भिजलं नाही.” दोन्ही उत्तरं खरी असतात, पण पुढच्या वर्षीच्या पाण्याशी त्यांची तुलना करता येत नाही. घरच्या वावरात पर्जन्यमापक ठेवून पावसाळ्यामागून पावसाळा वही लिहिल्यावर जे हाती आलं, ते इथे क्रमानं मांडतो.

१. आधी जागा नीट निवडा.
गच्चीवर ढोरं-पोरं जात नाहीत, म्हणून मापक तिथे ठेवावासा वाटतो. पण उंचावर वारा जास्त. थेंब तिरपे होऊन तोंडावरून निघून जातात आणि आकडा कमी भरतो. हवामान खात्याच्या पद्धतीत मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असतं. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावं. ठरलेली जागा मग बदलू नये.

२. भांडं साधं चालतं, पण सरळ हवं.
तोंड आणि बूड सारख्या रुंदीचं असेल, तर आत पट्टी उभी धरून मिलिमीटर थेट वाचता येतात. बादली खाली निमुळती असते, ती फसवते. विकतच्या मापकाची मोजनळी त्याच्याच तोंडाच्या मापानं आखलेली असते. ती फुटली तर दुसऱ्या मापकाची नळी वापरू नये. हे काम काही आजचं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात पाऊस मोजायचं कुंड ठेवायला सांगितलं आहे आणि अश्मक देशाचा पाऊस साडेतेरा द्रोण दिला आहे.

३. सकाळचे साडेआठ म्हणजे साडेआठच.
देशभर पाऊस याच वेळी मोजतात. मागच्या २४ तासांचं पाणी मोजल्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. कोणी रात्री मोजतो, कोणी दुपारी, आणि मग दोघांच्या आकड्यांवरून वाद होतो. तारखेशेजारी नक्षत्रही लिहावं. आमच्याकडे जुन्या माणसांना २० जुलै सांगण्यापेक्षा पुष्य लागलं म्हटलेलं लवकर कळतं.

४. कोरड्या दिवशी शून्य लिहा.
रकाना रिकामा राहिला, तर पाऊस नव्हता की आपण गावाला गेलो होतो, हे दिवाळीनंतर सांगता येत नाही. गावाला गेलो तर तसंच लिहावं, अंदाजानं आकडा भरू नये. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडलं तरच तो पावसाचा दिवस धरतात. नुसता भुरभुर आलेला दिवस वेगळ्या खुणेनं दाखवावा.

५. पेरणीआधी बेरीज बघा.
मृगाची पहिली सर आली की शेजाऱ्याचं तिफण बघून आपलाही हात शिवशिवतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ऐकायला हे पुष्कळ वाटतं, पण उन्हाळाभर भेगाळलेली काळी जमीन पहिल्या सरींचं पाणी कुठल्या कुठे पिऊन टाकते. वहीत बेरीज भरली तरी ओल किती खोल गेली, ते कुदळीनं उकरून बघावं आणि वापसा आल्यावरच पेरावं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागतं.

६. बेरजेहून खंड जास्त बोलतो.
२०२३ सालच घ्या. जुलैत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पूर आला. ऑगस्ट देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगाम संपला तेव्हा देशाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के निघाली. नुसते ९४ टक्के वाचणाऱ्याला त्या वर्षी काय घडलं ते कळणार नाही. सोयाबीन फुलावर किंवा शेंगेत असताना तीन आठवडे उघाड पडली, तर सप्टेंबरचं पाणी ती तूट भरून देत नाही. म्हणून प्रत्येक महिन्याखाली दोन ओळी लिहाव्यात: सर्वांत लांब खंड किती दिवसांचा आणि एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस किती.

७. मंडळाचा आकडा वेगळा, वावराचा वेगळा.
पंजाबराव देशमुखांचं पापळ आमच्याच तालुक्यात. तिथे पाणी धो-धो चालू असतं आणि नांदगावात ऊन पडलेलं असतं. आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी मानतात. सरकारी कामाला तोच आकडा लागतो, आपली वही तिथे पुरावा होत नाही. पण डवरणी कधी, फवारणी कधी, सरी कधी काढायची, हे आपल्या वावरातल्या पाण्यावरच ठरतं.

८. वहीला विहीर जोडा.
भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. आपणही त्याच महिन्यांत, मोटार चालू करण्याआधी, दोरीला वजन बांधून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजावं. आमच्याखाली काळा बसाल्ट खडक. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या फटींत, म्हणजे साठवण थोडी. तासाभराचं धुवांधार पाणी बहुतेक नाल्यानं जातं, दोन दिवसांची झड विहिरीला लागते. एकूण पाऊस सारखा असलेल्या दोन वर्षांत विहीर वेगळं का बोलते, हे दोन्ही आकडे शेजारी मांडल्यावर उमगतं.

९. कल सांगायची घाई करू नका.
दोन वाईट वर्षं आली की पाऊसच बदलला म्हणतात, दोन चांगली आली की सगळे विसरतात. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी ३० वर्षं धरते. आपलं हवामान खातं मोसमी पावसाची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर सांगते, ती १९७१ ते २०२० या ५० वर्षांची. आपण मापक बदलला किंवा जवळचा कडुनिंब वाढला, तर वहीच्या कडेला लिहून ठेवावं. नाहीतर झाडाची सावली पावसाची घट म्हणून वाचली जाईल.

एका माणसाच्या वहीतून एका वावराचा पाऊस कळतो. गावात अशा पाच-सहा वह्या झाल्या, तर शिवाराच्या कोणत्या अंगाला पाणी कमी पडतं आणि शेततळं कुठे खोदावं, हे ग्रामसभेत आकड्यांनिशी सांगता येईल. येत्या मृगाआधी एक सरळ भांडं, एक पट्टी आणि शंभर पानी वही आणा, आणि साडेआठला मोजायचं काम घरातल्या शाळकरी पोराकडे द्या.